धूरवाल्याची लिंक

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या कारखान्यात गेटवरच्या वॉचमनपासून कँटीनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या मंगळवारी सकाळी माझा राग माणसावर नव्हता, कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलेल्या एका छोट्या चौकोनावर होता. मी माझ्या तक्त्यातल्या एका नावावर क्लिक केलं, तर पत्रक उघडायच्या ऐवजी हा चौकोन समोर: सुरक्षेच्या कारणास्तव ही फाइल उघडता येणार नाही. दुसऱ्या नावावर क्लिक केलं, तोच. तिसऱ्यावरही तोच. आदल्या संध्याकाळी घरी जाताना सगळं नीट होतं. मधल्या वेळात मशीननं कसलंसं अपडेट करून घेतलं होतं आणि आता ते माझ्याच फाइली माझ्यापासून राखत बसलं होतं.

हा तक्ता म्हणजे माझा जीव. तारापूर एमआयडीसीत, कुंभवलीच्या अंगाला, औषधांसाठी लागणारा कच्चा माल बनवणारा आमचा मध्यम आकाराचा कारखाना आहे. तिथं सेफ्टी खात्यात मी कागदपत्रं सांभाळते. सांगलीकडून लग्न होऊन बोईसरला आले त्याला सोळा वर्षं झाली, त्यातली अकरा या टेबलावर गेली. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक रसायनाचं एक सुरक्षा पत्रक असतं. हे सांडलं तर काय करायचं, डोळ्यांत गेलं तर काय, पेटलं तर काय, ते सगळं त्यात लिहिलेलं असतं. आमच्याकडं पत्रकं होती, पण वेळेवर सापडायची नाहीत. फाइलींची नावं इंग्रजी, लांबलचक, मधेमधे आकडे आणि रेघा. शेडमध्ये ती नावं कोणी घेत नाही. तिथं कामगारांनी आपली नावं पाडलेली असतात. डोळ्यांत पाणी आणतं ते रडवं. पिकल्या केळ्याचा वास येतो ते केळं. हाताला बुळबुळीत लागतो तो साबण, आणि त्या साबणानं चुकून हात धुतला तर कातडी निघते. निळ्या पिंपातून यायचं ते निळं. पुढं पुरवठादारानं पिंपं हिरवी केली तरी ते निळंच राहिलं.

तीन वर्षांपूर्वी मी ठरवलं, की माणसाच्या तोंडात जे नाव येतं त्याच नावानं त्याला पत्रक मिळालं पाहिजे. घाबरलेला माणूस इंग्रजी स्पेलिंग आठवत बसत नाही. सगळ्या शिफ्ट इन्चार्जना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला, की तुमच्या शेडमध्ये चालणारी नावं कळवा. ती आली तशी एक्सेलमध्ये भरली, प्रत्येक नावाला त्याच्या पत्रकाची लिंक जोडली आणि प्रत्येक शेडच्या दारातल्या कॉम्प्युटरवर तो तक्ता ठेवला. एकशे बारा नावं झाली. त्या वर्षी सुरक्षा दिनाला मला तीन पुडांचा स्टीलचा डबा बक्षीस मिळाला. घरी चार डबे असताना मी तोच रोज कारखान्यात आणायचे, झाकणावर कोरलेली अक्षरं वरच्या बाजूला ठेवून.

तर, त्याच मंगळवारी अकराच्या सुमारास दोन नंबर शेडमध्ये धूरवालं सांडलं. झाकण उघडलं की पांढरा धूर सोडतं म्हणून ते धूरवालं. हिंदी बोलणारे धुआँवाला म्हणतात. एका पिंपाचा कॉक नीट बसला नव्हता आणि खाली ताटाएवढं थारोळं साचून धुरायला लागलं होतं. शिफ्टचा इन्चार्ज जळगावकडचा, हुशार आणि शिस्तीचा माणूस. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, मास्क चढवला, पाण्याची नळी ओढून आणली आणि मी प्रत्येक प्रशिक्षणात घसा कोरडा करून सांगते तसं, पाणी सोडण्याआधी पत्रक बघायला कॉम्प्युटरकडं धावला. क्लिक केलं, चौकोन. परत क्लिक केलं, परत चौकोन. मग त्यानं मला फोन लावला.

"मॅडम, तुमची लिंक मेलीय! पाणी मारू का नको, सांगा लवकर!"

"काय सांडलंय?" विचारेपर्यंत फोनमध्ये नुसता खोकला ऐकू आला आणि फोन कट झाला. मी पळत सुटले.

मी पोचले तेव्हा काम आटोपलं होतं. त्या शेडमधले सगळ्यात जुने ऑपरेटर चहाला कँटीनमध्ये बसले होते. वास नाकात शिरताच कप तसाच टाकून ते आले होते आणि भिंतीशी टांगलेल्या लाल बादल्यांतली कोरडी वाळू त्यांनी थारोळ्यावर ओतली होती, एकामागून एक चार बादल्या. हे मूळचे सातपाटीचे. तरुणपणी वडिलांच्या बोटीवर जायचे. बोटीच्या म्होरक्याला तिकडं तांडेल म्हणतात, म्हणून कारखान्यात सगळे त्यांना तांडेल म्हणायचे आणि मी तांडेलकाका. शर्टाला हात पुसत ते म्हणाले, "झालं, बाय. कुनाला काय नाय झालं. ती नळी तेवडी उचला हितनं."

इन्चार्ज माझ्याकडं बघत होता. त्या बघण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं मी ज्याला त्याला बजावलं होतं, आधी लिंक उघडा, मग हात चालवा. आणि ज्या दिवशी एका माणसानं माझं अक्षरशः ऐकलं, त्याच दिवशी लिंक उघडली नाही. टेबलावर येऊन मी त्या चौकोनाला आमच्या सांगलीच्या भाषेत जे काही ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग मुंबईच्या हेड ऑफिसला फोन लावला. तिथल्या कॉम्प्युटर विभागातला माणूस अगदी थंड डोक्याचा निघाला. त्यानं समजावलं, "मॅडम, तुमच्या लिंकमध्ये सर्व्हरचा पत्ता आकड्यांत लिहिलाय. आकडा, टिंब, आकडा. नवीन अपडेट तसल्या पत्त्याला परका समजतं आणि फाइल अडवतं. बाहेरून कोणी लिंक पाठवून मशीनमध्ये शिरू नये म्हणून."

"हा सर्व्हर माझ्या खुर्चीमागच्या खोलीत आहे," मी म्हणाले. "कसला परका?"

"आकड्यावरून त्याला कळत नाही ना. सर्व्हरचं नाव लिहिलंत तर घरचा समजेल."

"मग त्या आकड्याला विश्वासातल्यांच्या यादीत टाकून मोकळे व्हा."

"त्याला मंजुरी लागते. तिकीट टाका, म्हणजे रीतसर तक्रार नोंदवा. दोन-तीन आठवडे धरून चाला."

"आमची माणसं नळी हातात धरून तीन आठवडे उभी राहतील का?" मी विचारलं. त्यानं सॉरी म्हटलं आणि परत तिकीट टाकायलाच सांगितलं. मी ते टाकलं.

दुपारी आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बोईसरचा माणूस प्रिंटरच्या कामाला आला होता. त्यानं ऐकलं आणि हसला. "मॅडम, अपडेट ही निकाल देता हूँ. पाँच मिनट का काम है." खोटं कशाला बोलू, मी हो म्हणालेही होते. तो खुर्ची ओढून बसलासुद्धा. मी सहज विचारलं, "और वापस आ गया तो?" तो म्हणाला, "तो वापस निकालेंगे." हे वाक्य काही मला पचेना. आज काढलं, उद्या आलं, परवा परत काढलं, आणि मधल्या एखाद्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही की पुन्हा तोच मंगळवार. मी त्याला उठवलं आणि प्रिंटरकडं पाठवलं.

शिवाय एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. तांडेलकाका महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. पुढच्या वेळी वास ओळखून कँटीनमधून पळत यायला ते नसतील. त्यांच्या जागी जो असेल त्याच्याजवळ फक्त माझा तक्ता असेल. मी ठरवलं, काका जायच्या आत एकशे बारापैकी एकशे बारा लिंक चालल्या पाहिजेत. तिकिटाची वाट बघायची नाही, अपडेटशी भांडायचं नाही. आकडे काढायचे, नाव घालायचं, आपल्या हातानं, एकेक.

सगळ्या लिंका एकदम बदलून देणारा छोटा प्रोग्राम लिहिता येतो म्हणे. पण तसले प्रोग्रामही त्याच अपडेटनं अडवले होते. म्हणजे उजव्या बटणानं लिंक उघडायची, पत्ता खोडायचा, नवा लिहायचा, मग ती फाइल खरंच उघडून बघायची. एका नावाला पाच-सात मिनिटं. पहिल्या दिवशी वीस झाली आणि बोटं आखडली. तोवरची सोय म्हणून मी दुसऱ्याच दिवशी प्रत्येक शेडच्या दारात छापील पत्रकांची फाइल टांगून ठेवली, आणि हे मला तीन वर्षांपूर्वीच का सुचलं नाही म्हणून स्वतःवरही चिडून घेतलं.

काम करता करता लक्षात आलं, की नुसती फाइल उघडणं पुरेसं नाही. केळं या नावाखाली मागल्या पुरवठादाराचं जुनं पत्रक होतं. रडव्याची दोन पानं गायब होती. म्हणून मी नियमच केला, की ज्या शेडचं नाव, त्या शेडच्या जुन्या माणसाला शेजारी बसवायचं आणि विचारायचं, तुम्ही म्हणता ते हेच का? ऑपरेटर लोक आधी बिचकायचे. मी आमच्या खात्याच्या साहेबांना सांगून प्रत्येकाचा अर्धा तास मागून घेतला. "मॅडमच्या टेबलावर कोणाचा नंबर आज?" अशी चेष्टा सुरू झाली, पण माणसं येत राहिली.

दोन नंबर शेडची नावं मी शेवटी ठेवली होती, आणि तिथंच फसले. तांडेलकाकांची रजा शिल्लक होती, ती संपवायला ते शेवटचा आठवडा आलेच नाहीत. फक्त अखेरच्या दिवशी सह्या करायला येणार होते. माझी त्यांच्याकडची नऊ नावं राहिली होती. मी नऊ पत्रकं छापली, कापडी पिशवीत घातली आणि रविवारी पालघरहून सातपाटीची गाडी पकडली. नवरा म्हणाला, "रविवारीसुद्धा?" मी म्हणाले, "येताना बोंबील आणते." त्यावर त्याची हरकत संपली.

काका घरासमोर बाकावर बसून जाळं सांधत होते. त्यांची बायको पलीकडं बांबूच्या दांड्यांवरचे सुके बोंबील काढून टोपलीत भरत होती. मला बघून काकांनी जाळं बाजूला ठेवलं. "बाय, तू आमच्या घरापातूर आली?" त्यांनी चष्मा शोधला, मी कागद पुढं केले. पहिली आठ पत्रकं दहा मिनिटांत झाली. नववं धूरवाल्याचं. त्यांनी ते हातात घेतलं, जरा लांब धरलं आणि परत दिलं.

"ह्यो आमचा नाय."

"काका, धूरवालंच आहे हे. बघा, धूर सोडतं असं लिहिलंय."

"धूर सोडत आसंल. पन नंबर बघ." पत्रकावर प्रत्येक रसायनाचा चार आकडी नंबर असतो, तोच पिंपावरच्या चिकटपट्टीवरही असतो. काकांना इंग्रजी वाचता येत नाही, पण आपल्या शेडमधल्या पिंपांचे नंबर त्यांना गावातल्या बोटींच्या नंबरांसारखे पाठ होते. त्यांनी मला दोन नंबर शेडमधल्या धूरवाल्याच्या पिंपावरचा नंबर तोंडी सांगितला. पत्रकावर वेगळाच होता. "ह्यो पाच नंबरवाल्यांचा हाय. त्यांच्याकडं अ‍ॅसिड येतं ना, ते बी धुरतं. ते बी त्याला धूरवालंच बोलतात."

मी पत्रक वाचायला लागले. पाच नंबर शेडमधलं ते ॲसिड सांडलं तर भरपूर पाणी मारून धुऊन काढायचं, असं त्यात लिहिलं होतं. काकांनी सांगितलेला नंबरही मला ओळखीचा होता, आणि ते दोन नंबर शेडमधलं धूरवालं अगदी उलट. त्याच्यावर पाणी पडलं की ते उसळतं आणि त्यातून विषारी वायूचा लोट उठतो. त्याच्यावर फक्त कोरडी वाळू.

मग मला आठवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर धूरवालं हे नाव दोन इन्चार्जकडून आलं होतं. एक्सेलमध्ये एक बटण असतं, दोनदा आलेली ओळ आपोआप काढून टाकणारं. मी ते दाबलं होतं. तक्ता स्वच्छ दिसावा म्हणून! दोन वेगवेगळी रसायनं, एक नाव, आणि त्यातलं एक मीच एका बटणानं पुसून टाकलं होतं.

त्या मंगळवारी इन्चार्जच्या हातात पाण्याची नळी होती. तो फक्त पत्रकाची वाट बघत होता. लिंक उघडली असती तर पत्रकानं त्याला सांगितलं असतं, मार पाणी. त्यानं मारलं असतं, कारण माझं ऐकणारा माणूस तो. ज्या चौकोनाला मी शिव्या घातल्या, त्यानंच इन्चार्जला तेवढी दोन-तीन मिनिटं थांबवून धरलं होतं, तांडेलकाका कँटीनमधून येईपर्यंत. मी काकांशेजारी बाकावर बसले. काकांच्या बायकोनं न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"काका, तुम्हाला हे आधी माहीत होतं?"

"म्हायत होतं तर. म्हनून त्या मशीनला माज्या पाळीत मी कुनाला हात लावू देत नव्हतो."

"मग सांगितलं का नाहीत?" माझा आवाज चढला. त्यांच्यावर कशाला चढावा, पण चढला.

ते चिडले नाहीत. जाळ्याची सुई उचलून त्यांनी एक गाठ मारली. "आदीच्या इन्चार्जला बोललेलो. तो बोलला, त्या तक्त्याला बक्षीस भेटलंय, तुमी नका त्यात पडू. तू मशीन बसवाया आलेलीस ना दारात, मी हुबा होतो. सगल्यांना बोललीस, हितं क्लिक करा, हितं क्लिक करा. आमाला काय इचारलं नाय."

खरंच विचारलं नव्हतं. मी इन्चार्जना विचारलं होतं, आणि तेही फोनवर.

मी पिशवीतून पेन काढलं आणि म्हणाले, "आता दोघांना वेगळी नावं द्यायला हवीत. मोठं धूरवालं आणि छोटं धूरवालं म्हणू?"

काकांनी मान हलवली. त्यांनी समुद्राकडं हात केला. "तितं पान्याखाली खडक हायत. तो काला हाय का गोल हाय, कोन बगतो? दिसतच नाय तो. कुटल्या अंगानं बोट घालायची, ते आमी नावात बोलतो. एक हाय डावा सोड, एक हाय उजवा सोड. नाव घेतलं की हात आपोआप वलतो. तू बी तसंच कर. धूर दोगांना हाय, त्याचं काय सांगतेस? काय टाकायचं ते सांग."

तिथंच, त्या बाकावर, मी त्या पत्रकाच्या पाठीवर दोन्ही नंबर लिहिले आणि त्यांच्यापुढं नवी नावं. एकापुढं पाणीवालं. दुसऱ्यापुढं वाळूवालं.

सोमवारी सकाळी पहिलं काम म्हणजे साहेबांसमोर जाऊन सगळं सांगितलं, बटणापासून नळीपर्यंत. साहेब म्हणाले, "झालं ते झालं, तक्ता दुरुस्त करा, लेखी कशाला?" मी लेखीच दिलं. नंतर जळगावच्या इन्चार्जला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे मॅडम, तुमच्यावर ओरडण्यात माझा वेळ गेला ते बरंच झालं." दोघंही हसलो, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

त्या आठवड्यात मी पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली. आता प्रश्न एकच विचारायचा: हे नाव दुसऱ्या कुठल्या शेडमध्ये आणखी कशाला म्हणतात का? साबण दोन निघाले. निळी तीन निघाली. प्रत्येकाला मी आणि ऑपरेटरांनी मिळून काय करायचं तेच सांगणारं नाव दिलं, आणि ते नाव पिंपांवर मराठीत आणि हिंदीत चिकटवलं. एकशे बाराची एकशे सोळा झाली. शेवटची लिंक चालली ती काकांच्या अखेरच्या दिवशी, सह्यांच्या वेळेच्या तासभर आधी. मी त्यांना दोन नंबर शेडच्या दारात नेलं, मशीनपुढं उभं केलं आणि वाळूवाल्यावर त्यांच्याच बोटानं क्लिक करवलं. पत्रक उघडलं. त्यांनी चष्मा वर केला, फक्त नंबर बघितला आणि म्हणाले, "आता ह्यो आमचा."

निरोपाच्या वेळी मी त्यांना माझा बक्षिसाचा डबा दिला, बेसनाचे लाडू भरून. झाकणावरची कोरलेली अक्षरं त्यांनी बोट फिरवून बघितली. "ह्यो वापरलेला हाय," असं सगळ्यांसमोर म्हणाले आणि पिशवीत घातला. पुढच्या महिन्यात डबा परत आला, तिन्ही पुडांत सुका जवळा भरून. त्या वासानं दोन दिवस माझ्या टेबलाच्या आसपास कोणी फिरकलं नाही.

हेड ऑफिसनं माझं तिकीट पाचव्या आठवड्यात मंजूर केलं. आता गरज नाही, असं मी कळवून टाकलं.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी दोन नंबर शेडमधून फोन आला. काकांच्या जागी कुंभवलीचा एक माणूस आला आहे, कमी बोलणारा. म्हणाला, "म्याडम, वाळूवालं सांडलं होतं. थोडंच. वाळू टाकली, सायबांना कळवलं. तुमाला नोंद लागते म्हनून फोन केला."

मी वही ओढली. "सगळे ठीक ना? पत्रक किती वाजता उघडलंत?"

काही चुकलं की काय अशा आवाजात तो म्हणाला, "पत्रक नाय उगडलं, म्याडम. नावातच हाय ना."